इंजिनवरचं चिकट ऑइल काढायचंय? आधी नीट बघा, मग धुवा

बाईकच्या इंजिनवर ऑइलचा काळा थर दिसला की आपला हात पहिल्यांदा पाण्याच्या पाईपकडे जातो. माझं सांगणं एवढंच की पाईप उचलायच्या आधी दहा मिनिटं गाडीजवळ खाली बसा आणि नुसतं बघा. तो थर म्हणजे घाण तर आहेच, पण ऑइल कुठून येतंय त्याचा सगळा माग त्याच्यातच असतो, आणि एकदा धुतलं की तो माग गेला.

मला हे बऱ्याच उशिरा कळलं. माझ्या बाईकच्या सिलेंडरच्या मागच्या अंगाला, अगदी तळाशी, खालच्या दोन-तीन फिन्स (इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) काळ्या चिकट झाल्या होत्या. मी रॉकेल आणि ब्रश घेऊन सगळं चकाचक करून टाकलं आणि महिन्याभरात परत तेच. मग दाखवायला नेली तर सांगितलं गेलं की ब्लॉकखालचं पॅकिंग (जोडातून ऑइल बाहेर येऊ न देणारा पातळ थर) गेलंय, म्हणजे हेड (सिलेंडरच्या वरचा भाग) उतरवा, ब्लॉक (सिलेंडरचा भाग) उतरवा, तेही केलं, आणि तरी ऑइल येतच राहिलं. शेवटी सापडलं ते वर, टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या छोट्या झाकणाच्या) ओ-रिंगपाशी, म्हणजे त्याच्या रबरी कड्यापाशी. तिथून अगदी बारीक पाझर होता, गाडी चालताना वाऱ्याने ते ऑइल मागे ढकललं जायचं, फिन्सवरून खाली उतरायचं आणि ब्लॉकच्या तळाशी धूळ धरून बसायचं. अर्ध्या तासाचं काम होतं ते, ओ-रिंग बदलली आणि संपलं. पहिल्या वेळी धुण्याआधी वरपर्यंत नजर टाकली असती तर इंजिन उघडायची वेळच आली नसती, आणि खरं सांगायचं तर हे सगळं लिहायला बसलोय ते त्याच्यामुळेच.

तर ऑइल दोनच दिशांना जातं, खाली आणि मागे. त्यामुळे सगळ्यात घाण दिसणारी जागा म्हणजे लीकची जागा असं बहुतेक वेळा नसतं, ती ऑइल साचण्याची जागा असते. आपल्याला शोधायची असते ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा. टॉर्च घ्या, गाडी मेन स्टँडला लावा (नसेल तर कुणाला तरी सरळ धरायला सांगा), दोन्ही बाजूंनी, पुढून आणि खालून असे फोटो काढून ठेवा. मग एक पांढरं कोरडं फडकं किंवा टिश्यू घेऊन प्रत्येक जोडावर हलकं दाबून बघा, पुसायचं नाही, फक्त दाबायचं. जिथे ताजं ऑइल आहे तिथे टिश्यूवर पारदर्शक डाग पसरतो, आणि जिथे नुसती जुनी घाण आहे तिथे काळा कोरडा ठसा उमटतो. एवढ्यातच निम्मं उत्तर मिळून जातं.

आणि जे लागलंय ते खरंच इंजिन ऑइल आहे का हेही बघून घ्या, कारण सगळं काळं म्हणजे ऑइल असं नाही. बोटावर घेऊन चोळा (हातमोजा घालून). इंजिन ऑइल गुळगुळीत असतं, तपकिरी ते काळं. पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) आसपास जे चिकट, तार सुटणारं, रेती भरलेलं काहीतरी असतं ते बहुतेक चेनला मारलेलं ल्यूब असतं, तो लीक नाहीच, चेन फिरताना उडालेलं वंगण आहे ते. कार्बोरेटरच्या खाली पातळ तपकिरी डाग आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल पाझरतंय, ते आधी दुरुस्त करा, धुणं नंतर. लिक्विड कूल्ड इंजिन असेल आणि हिरवट, निळसर किंवा गुलाबी रंगाचं सुकलेलं किटण दिसलं तर ते कूलंट. आणि रंगाला फोड आलेत, रंग सुटतोय, द्रव पातळ आहे आणि पाण्याने सहज धुतला जातो, तर तो ब्रेक फ्लुइड असू शकतो आणि मग विषय इंजिनचा राहतच नाही, ब्रेकचा होतो, गाडी तशी चालवू नका.

नेहमीच्या जागा कुठल्या ते सांगतो, नजर कुठे न्यायची ते कळेल. वर टॅपेट कव्हर किंवा हेड कव्हरचा जोड. हेड आणि ब्लॉकच्या मधला, ब्लॉक आणि क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या मोठ्या पेटीच्या) मधला जोड. टायमिंग चेनचा टेन्शनर जिथे ब्लॉकला बसतो तिथलं छोटं पॅकिंग, हे बरेच जण विसरतात. क्लच कव्हरची कड, मॅग्नेटच्या कव्हरमधून वायर बाहेर येते तिथलं रबर, ऑइल फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग, खाली ड्रेन बोल्ट आणि त्याचा वॉशर. गिअर लिव्हर ज्या दांड्यावर बसतो त्याचा ऑइल सील, किकच्या दांड्याचा सील, आणि चेन स्प्रॉकेटच्या मागचा मोठा सील. लिक्विड कूल्ड गाडीला वॉटर पंपाच्या खाली बऱ्याचदा एक बारीक भोक ठेवलेलं असतं, त्यातून ऑइल किंवा कूलंट टपकत असेल तर आतला सील गेला असा त्याचा अर्थ, ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, काहीतरी लावून बुजवू नका.

अजून एक, ऑइल जास्त भरलेलं असलं तरी इंजिन घाण होतं. जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या नळीतून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर बॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या पेटीत जातं आणि तिथून खाली टपकतं, दिसताना मात्र लीकसारखं दिसतं. गाडी सपाट जागेवर सरळ उभी करून लेव्हल बघा, साईड स्टँडवर तिरकी असताना बघितलेली लेव्हल चुकीचीच असते. वरच्या खुणेच्या वर ऑइल असेल तर ते आधी काढा.

बघून झालं, फोटो झाले, आता धुवायला हरकत नाही.

इंजिन गरम असताना काहीही करायचं नाही, हे मी पहिलं सांगतो कारण नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीचं हेड १०० अंशांच्या आसपास किंवा वर असतं, सायलेन्सरचा बेंड पाईप (इंजिनमधून निघणारा वाकडा पाईप) त्याच्याही कितीतरी वर. त्यावर क्लीनर मारला तर तो काम करायच्या आधीच सुकतो आणि ॲल्युमिनिअमवर पांढरे डाग पाडून जातो, गार पाण्याने तापलेल्या धातूला झटका बसतो तो वेगळा, आणि रॉकेल असेल तर सरळ आगीचा धोका. रॉकेलची वाफ ३५ ते ४० अंशांच्या आसपास पेट घेण्याइतकी तयार व्हायला लागते, म्हणजे रॉकेल वापरणार असाल तर इंजिन पूर्ण गार हवं. पाण्याचा डिग्रीझर (तेलकट घाण सोडवणारा क्लीनर) असेल तर हाताला कोमट लागेल इतपत चालतं, उलट थोडी ऊब असली की घाण मऊ होते आणि लवकर निघते. उन्हात गाडी लावून धुवू नका, सावली बघा, आणि जागा मोकळ्या हवेची हवी, बंद गॅरेजमध्ये दार लावून नाही.

आता वापरायचं काय. याच्यावर थोडं सविस्तर बोलतो कारण चुकीचं औषध लावून चांगली इंजिनं विद्रूप झालेली मी पाहिली आहेत.

पेट्रोल वापरू नका. स्वच्छ करतं, मान्य, पटकन करतं तेही मान्य, पण पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते, ती हवेपेक्षा जड असते त्यामुळे जमिनीलगत पसरत जाते आणि दहा फुटांवरच्या ठिणगीपर्यंत पोचते. शिवाय ते इतकं लवकर उडून जातं की घाण सुटायच्या आत सुकतं. फायदा काहीच नाही.

रॉकेल किंवा डिझेल हे जुनं आणि चालणारं औषध आहे. तेल तेलात विरघळतं, साधं तत्त्व आहे, घट्ट झालेला थर मऊ करायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. डिझेल थोडं सुरक्षित कारण त्याची वाफ जास्त तापमानाला पेटते, पण ते हळू सुकतं आणि मागे तेलकटपणा ठेवतं, त्यामुळे नंतर साबण लावणं आलंच. दोन्ही गोष्टी रबरच्या नळ्या, वायरचं आवरण, सीटचं फोम यांच्यावर जास्त वेळ राहू देऊ नका, काही जातीचं रबर रॉकेलने फुगतं. फवारा मारू नका, ब्रशला लावून जागेवरच वापरा.

डिग्रीझर विकत घेणार असाल तर बाटलीवरचं नीट वाचा. काही डिग्रीझर अल्कलीवाले म्हणजे कॉस्टिकचे असतात, ते भट्टी आणि लोखंडी यंत्रं साफ करायला ठीक, पण ॲल्युमिनिअमशी त्यांची रासायनिक क्रिया होते आणि इंजिनचं कव्हर काळपट, डागाळलेलं, निस्तेज होतं. तो डाग घाणीचा नसतो, धातूचा वरचा थरच खाल्ला गेलेला असतो, कितीही धुतलं तरी जात नाही. घरात सिंक तुंबल्यावर टाकतात ती पावडर, धुण्याचा सोडा घातलेलं कडक पाणी, हे सगळं त्याच जातीचं, लांब ठेवा. ॲल्युमिनिअमला चालतो असं स्पष्ट लिहिलेलाच डिग्रीझर घ्या, आणि तरीही खालच्या बाजूला न दिसणाऱ्या जागी थोडा लावून पाच मिनिटांनी पुसून बघा. काळ्या रंगाचं मॅट फिनिश असलेलं इंजिन असेल तर ही चाचणी चुकवूच नका.

थर पातळ असेल, ऑइल ताजं असेल, तर कोमट पाण्यात भांडी घासायचा लिक्विड साबण घालून ब्रशने घासलं तरी पुरतं. खूप जणांचं काम इथेच होतं. डब्ल्यूडी-४० सारखे स्प्रे छोट्या जागेला, बोल्टच्या आसपास, कोपऱ्यात बरे पडतात, सगळं इंजिन त्यानेच धुवायला बसाल तर डबा संपेल आणि एक तेलकट थर उरेल ज्यावर परत धूळ बसेल. ब्रेक क्लीनर ऑइल झटकन काढतो पण रंग, प्लॅस्टिक आणि रबर यांनाही सोडत नाही, म्हणून तो मी फक्त उघड्या धातूवर आणि ब्रेकच्या डिस्कवर वापरतो.

सामान फार लागत नाही. एक इंचाचा रंगाचा ब्रश, दोन-तीन जुने टूथब्रश, बाटली धुवायचा लांब ब्रश, लाकडी किंवा बांबूची काडी, प्लॅस्टिकची पट्टी, भरपूर सुती फडकी, एक पसरट ट्रे. तारेचा लोखंडी ब्रश नको, ॲल्युमिनिअमवर ओरखडे उठतात आणि रंग निघतो. हातमोजे नायट्रिलचे घ्या, साधे लॅटेक्सचे रॉकेलमध्ये मऊ पडून फाटतात. वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला चांगलं नाही, वारंवार लागलं तर कर्करोगाचा धोका असलेले घटक त्यात असतात, त्यामुळे मोज्यांचा कंटाळा करू नका. डोळ्याला चष्मा लावा, फिन्समधून ब्रश सुटला की शिंतोडे थेट तोंडावर येतात.

पाणी-क्लीनर जिथे जायला नको ते झाकून घ्या. सायलेन्सरचं तोंड, एअर फिल्टरची वाट, चावीचं भोक, हॉर्न, उघडे कनेक्टर, फ्यूज बॉक्स, इंजेक्शनची गाडी असेल तर थ्रॉटल बॉडीवरचे सेन्सर. प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड पुरतात. प्लगची कॅप नीट दाबून बसवा. ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर, मागचा टायर, यांच्यावरसुद्धा जुनं फडकं नाहीतर पिशवी टाका, कारण इंजिनवरून निघालेलं ऑइल डिस्कवर गेलं तर ते काम साफसफाईपेक्षा मोठं होऊन बसतं. गाडीखाली ट्रे आणि ट्रेखाली पुठ्ठा. लाकडाचा भुसा मिळाला तर पसरून टाका, सांडलेलं धरून ठेवतो.

आता घासायची सुरुवात कोरडी. हे मी खूप ठासून सांगतो. पाणी किंवा रॉकेल लावायच्या आधी जेवढा जाड थर काडीने निघतो तेवढा काढून घ्या. स्प्रॉकेटचं कव्हर असेल तर दोन-तीन बोल्ट सोडून ते उतरवा, आतलं बघून थक्क व्हाल. काळं, मेणासारखं, रेती मिसळलेलं वंगण कव्हरच्या आतल्या कडेला बोटभर जाड साचलेलं असतं, काडी एका टोकाला लावून ओढली की त्याची अख्खी वळी निघते आणि वळीच्या खाली कव्हरचा मूळ रंग नवा कोरा दिसतो. हे सगळं जर आधीच ओलं केलं असतं तर पातळ काळं होऊन सगळीकडे पसरलं असतं आणि तीनपट फडकी लागली असती. काढलेला गोळा ट्रेमध्ये टाका, जमिनीवर नको.

मग क्लीनर. डिग्रीझर खालून वर लावत जा आणि धुताना वरून खाली धुवा. वरून लावायला सुरुवात केली तर खालच्या कोरड्या घाणीवरून ओघळ येतात आणि ओघळांच्या रेषा पडतात, त्या नंतर वेगळ्या घासाव्या लागतात. एका वेळी एकच भाग घ्या, एक कव्हर, मग सिलेंडरची एक बाजू, असं. लावून पाच ते दहा मिनिटं थांबा पण सुकू देऊ नका, सुकतंय असं दिसलं की परत थोडं लावा. या थांबण्यातच खरं काम होतं, लोक लावतात आणि लगेच जोर लावून घासत बसतात, त्याने हात दुखतात आणि रंग जातो. थर मऊ झाला की ब्रश नुसता फिरवला तरी तपकिरी फेस वाहायला लागतो.

फिन्सच्या मधली जागा हा वेळखाऊ भाग आहे आणि एअर कूल्ड इंजिनमध्ये सगळ्यात महत्त्वाचासुद्धा हाच. त्या पट्ट्यांमधून हवा जाऊन इंजिन थंड राहतं, तिथे ऑइल आणि धुळीचा लेप बसला की तो गोधडीसारखा उष्णता धरून ठेवतो. बाटलीचा ब्रश शिरत असेल तर उत्तम. शिरत नसेल तर फडक्याची दोन बोटं रुंद पट्टी फाडा, क्लीनरमध्ये भिजवा, पातळ पट्टीने दोन फिन्सच्या मधून पलीकडे ढकला आणि दोन्ही टोकं धरून करवतीसारखी मागे-पुढे ओढा. पहिल्या पट्टीला काळं, दुसरीला तपकिरी, तिसरीला करडं, असं येत जातं, चौथी साधारण स्वच्छ आली की पुढच्या खाचेत. फिन्समध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, त्या ओतीव असतात, वाकत नाहीत, कडकन तुटतात.

प्लगच्या आसपासची रेती-माती प्लग जागेवर असतानाच काढून घ्यायची. साफ करायला म्हणून आधी प्लग उघडला तर ती सगळी रेती थेट सिलेंडरमध्ये. काही इंजिनांना प्लगच्या खळग्यातून पाणी बाहेर जायला बारीक भोक असतं, ते काळ्या घाणीने बंद झालेलं असतं, काडीने मोकळं करून ठेवा.

धुवायला साधा पाईप, हलकी धार, नाहीतर पाण्याचा मग आणि बादली. प्रेशर वॉशर जवळून मारू नका असं मी कळकळीने सांगतो. त्या जोराचं पाणी ऑइल सीलच्या ओठातून, बेअरिंगच्या झाकणातून, कनेक्टरच्या रबरातून आत शिरतं, त्या दिवशी काही कळत नाही, काही आठवड्यांनी मिसिंग (इंजिन अडखळत चालणं) सुरू होतं नाहीतर बेअरिंग आवाज करायला लागतं. डिग्रीझर पूर्ण निघेपर्यंत धुवा, कानाकोपऱ्यात राहिला तर तिथेच डाग पडतात, आणि रॉकेल वापरलं असेल तर त्यावरून एकदा साबणाचं पाणी फिरवा.

सुकवताना घाई नको. फडक्याने टिपा, हवेचा पंप किंवा ब्लोअर असेल तर कनेक्टर आणि प्लगच्या कॅपभोवती हवा मारा, पिशव्या काढा (सायलेन्सरची आधी, ती राहून गेली तर गाडी सुरू होणार नाही नाहीतर पिशवी वितळेल), मग रॉकेलचा वास पूर्ण गेल्यावरच गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटं उभी ठेवा. थोडी वाफ आणि धूर येईल, उरलेलं पाणी आणि क्लीनर जळतो तो, घाबरू नका, पण दोन-तीन मिनिटांत कमी व्हायला हवा. वाढत गेला तर बंद करून बघा.

बेंड पाईपवर जळून बसलेलं ऑइल मात्र या सगळ्याने निघत नाही. तो आता तेल राहिलेलाच नसतो, जळून कोळसा झालेला असतो. पाईप स्टीलचा किंवा क्रोमचा असेल तर गार असताना अगदी बारीक स्टील वूल ओलं करून हळूहळू घासा, काळा रंग दिलेला असेल तर घासू नका, रंगच जाईल. ॲल्युमिनिअमवर पिवळट-तपकिरी वार्निशसारखा जो थर बसतो त्यासाठी रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं त्या जागेवर अर्धा तास ठेवून द्या, मग घासा, दोन-तीन वेळा करावं लागतं. तरी थोडी छटा उरली तर उरू द्या, इंजिनला त्याने काही होत नाही.

धुण्याने वंगणही जातं हे लक्षात ठेवा. चेनला परत ल्यूब करा, गिअर लिव्हरचा जोड, साईड स्टँडची खिळ, ब्रेकच्या पायडलचा जोड, क्लच केबलचं टोक, सगळीकडे थेंब-थेंब. आणि रस्त्यावर जायच्या आधी जागेवरच ढकलून दोन्ही ब्रेक लागतात का ते बघा. डिस्कला तेलकट बोट लागलं असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा, पॅडमध्ये ऑइल मुरलं असेल तर ते पॅड बदलायचेच, तापवून किंवा घासून वाचवायच्या भानगडीत पडू नका.

ट्रेमधलं ऑइल, रॉकेल आणि चिखल गटारात किंवा मातीत ओतू नका. एका डब्यात भरून झाकण लावा आणि जुनं ऑइल जमा करून घेणाऱ्या गॅरेजला द्या. भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, मोकळ्या हवेत पसरून वाळवा आणि मग झाकणाच्या डब्यात ठेवा, आगीजवळ नको.

आता ज्याच्यासाठी एवढं केलं ते. इंजिन पूर्ण कोरडं आणि गार आहे, लीक शोधायला याच्याइतकी चांगली वेळ नाही. अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर घ्या, ज्या जोडांवर शंका आहे तिथे कोरड्या ब्रशने किंवा डबा दाबून पातळ थर बसवा, एअर फिल्टरच्या वाटेकडे जाऊ देऊ नका. मग १०-१५ किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवून आणा, थांबवा आणि टॉर्च लावून बघा. पांढऱ्या पावडरवर ओलं झालेलं लगेच उठून दिसतं. माझ्या टॅपेट कव्हरला असंच सापडलं, कव्हरच्या कडेवर मोहरीच्या दाण्याएवढा एक करडा ठिपका, त्याच्याखाली केसाएवढी बारीक ओली रेघ, आणि ती रेघ दोन फिन्स ओलांडून मागच्या बाजूला वळलेली. त्याच्या वर सगळी पावडर कोरडी, पांढरी, हललेलीसुद्धा नाही. एका फेरीत दिसलं नाही तर पावडर तशीच ठेवून अजून एक फेरी मारा, काही लीक इंजिन पूर्ण तापल्यावरच सुटतात आणि काही गाडी रात्रभर उभी राहिली की.

सापडल्यावर लगेच पाना घेऊन बोल्ट आवळत सुटू नका. कव्हरचे बोल्ट बहुतेक छोटे, ६ मिलिमीटरचे असतात आणि ते ॲल्युमिनिअममध्ये बसतात, साधारण १० न्यूटन मीटर एवढाच जोर त्यांना पुरतो (तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच धरा), जास्त आवळलं तर चुडी (बोल्ट बसायचे आटे) जाते. पॅकिंग किंवा ओ-रिंग कडक झाली असेल तर आवळून काही उपयोग नाही, ती बदलायची. ड्रेन बोल्टचा वॉशर दाबून बसणारा असतो, प्रत्येक ऑइल बदलाला नवीन टाकावा. आणि पॅकिंगऐवजी सिलिकॉनचा गम थापून लीक बंद करायची सवय वाईट, जास्तीचा गम आतल्या बाजूला सुटून ऑइलच्या जाळीत किंवा बारीक वाटेत अडकतो.

टॅपेट कव्हर, ड्रेन बोल्ट, फिल्टरचं झाकण, हे घरी करता येतं. गिअर लिव्हरचा सील बऱ्याच गाड्यांमध्ये बाहेरून बदलता येतो, हात बसलेला असेल तर करा. हेडचा जोड, ब्लॉकचा तळ, क्रँककेसचा मधला जोड असेल तर मेकॅनिककडे द्या, पण देताना पावडरचा फोटो दाखवा आणि नेमकी जागा बोट ठेवून सांगा, म्हणजे अंदाजावर इंजिन उघडलं जाणार नाही.

नुसती ओल येतेय, थेंब धरत नाही, ऑइलची लेव्हल महिनाभरात हलत नाही, अशी जुनी गाडी असेल तर लगेच उघडायची गरज नाही, दर पंधरा दिवसांनी ती जागा पुसा आणि आठवड्याला लेव्हल बघत राहा. थेंब जमिनीवर पडायला लागला किंवा ओल मागच्या टायरच्या दिशेने सरकायला लागली की मात्र थांबू नका. दुरुस्ती झाली की पावडर पुसून टाका, आणि ज्या कोनातून पहिले फोटो काढले होते त्याच कोनातून परत एकदा काढून ठेवा, महिन्याने शेजारी-शेजारी लावून बघायला तेच लागतात.